कळलावीला पाणी

चिंचवडात ज्योतीरामला त्याच्या नावानं हाक मारणारी माणसं फार नव्हती. कावड कुरकुरत गल्लीत शिरली की घरातून बाया ओरडत, "अगं, पाणी आलं, रांजणावरचं झाकण काढ." म्हणजे यायचं ते पाणी. त्या पाण्याबरोबर एक माणूसही येतो, त्याला खांदा असतो, खांद्याला घट्टा पडलेला असतो, याची दखल गावानं कधी घेतली नाही. ज्योतीरामला त्याचं वाईट वाटत नसे. उलट 'पाणी आलं' ही हाक ऐकली की गडी मनातल्या मनात थोडा फुगायचाच.

त्याला तसं कारण होतं. तो मूळचा माणदेशातला. अगदी लहानपणी, एका दुष्काळात, बापाच्या पाठुंगळी बसून तो इकडे आला. आईचा चेहरा त्याला आठवत नव्हता. आठवायचं ते एवढंच की बापानं त्याला पवनेच्या काठावर खाली उतरवलं आणि म्हणाला, "पी." पोर ओकारी होईपर्यंत प्यालं आणि ओकून झाल्यावर परत प्यालं. त्या दिवसापासून पाण्याशिवाय दुसरं औषध त्यानं मानलं नाही. कुणाला ठेच लागली, पाणी लाव. डोकं दुखतंय, पाणी पी. गाय चरत नाही, तिला नदीवर ने. त्याची बायको सोजराबाई चिडून म्हणायची, "तुमी मेलात तरी तिरडीवर उठून बसशीला आन् पाणी मागशीला." तो म्हणायचा, "मग देशील की न्हाई?"

नदीवरून गावात, गावातून नदीवर. उभा जन्म त्याचा त्या उतारावर गेला. पिंपरीच्या माळावर कारखाने येणार, मग नळ येणार, मग तुझं कसं व्हायचं रे ज्योतीराम, असं घाटावर लोक चिडवत. तो हसत पुढं जायचा. नळाला खांदा थोडाच असतो, असं काहीतरी पुटपुटायचा.

या दोघांना उशिरा झालेली एकुलती एक मुलगी म्हणजे मंजुळा. लहानपणी बापाच्या मागं डोक्यावर इवलीशी कळशी घेऊन चालायची आणि निम्मं पाणी अंगावर सांडायची. ज्योतीराम कधी कुणावर जीव टाकतो असं दाखवणारा माणूस नव्हता, पण मंजी दिसली की त्याच्या कावडीची चाल बदलायची हे घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनाही माहीत होतं. तिला निघोज्यात दिली, सोपानच्या घरी. थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्यांचा कळप. सासरा नव्हता. सासू रुक्मिणीबाई दिवसभर माळावर शेळ्यांमागं असायची. नव्या सुनेला घरात कोंडून घालण्याऐवजी तिनं तिला बरोबर न्यायला सुरुवात केली, आणि नदीघाटावर वाढलेल्या त्या पोरीला माळाचं वेड लागलं. फुलांचं तर फारच.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात रीतीप्रमाणं ती माहेरी आली, तेव्हा तिच्या बोचक्यात लुगडं होतं, शेंगा होत्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक कंद होता. बोटभर जाडीचा, एका बाजूनं मोडून घेतलेला, दुसऱ्या टोकाला हिरवा कोंब फुटलेला. सोजराबाईनं ओळखला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, कळलावी? घरात लावत्यात व्हय ही? भांडणं लागत्यात."

"तुमी दोघं तशीबी भांडताच की आई," मंजुळा म्हणाली. "आता भांडताना फुलं तरी दिसतील."

कुंपणापलीकडच्या कुसुमताईनंही नाक मुरडलं. पण पोरगी ऐकणारी नव्हती. कुंपणाच्या कोपऱ्यात तिनं हातानं माती उकरली आणि कंद पुरला. पावसात वेल सरसर चढला. पानांच्या टोकांना तारेसारखी वळणं, त्यांनी काट्या धरून तो कुंपणभर पसरला, आणि गौरीच्या आधी फुलला. फूल आधी पिवळं, मग खालून पिवळं आणि वर तांबडं, मग सगळंच तांबडंभडक, पाकळ्या चुलीतल्या जाळासारख्या वर वळलेल्या. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. नाक मुरडणाऱ्या कुसुमताईनं सगळ्यात आधी दोन फुलं मागून नेली. त्या वर्षी सोजराबाईनं गौर सजवली ती त्याच फुलांनी, आणि मंजुळा गौरीशेजारी बसून जेवली.

दिवाळीला ती परत आली तेव्हा वेल पिवळा पडून वाळत चालला होता. ज्योतीराम काळजीत. तो तांब्या घेऊन कोपऱ्याकडे निघाला तसा मंजुळेनं तो हातातून काढून घेतला.

"आबा, आता हिला पाणी घालायचं न्हाई हां. सगळ्या गावाला घालता तेवढं पुरं." आणि तिनं त्याच्या खांद्यावरच्या घट्ट्यावर तळवा ठेवला.

इतक्या वर्षांत त्या घट्ट्याला कुणी हात लावला नव्हता. पोरीला आपल्या खांद्याची काळजी वाटते, एक तांब्या पाणीसुद्धा बापानं जास्तीचं वाहू नये असं तिला वाटतं, हेच ज्योतीरामनं मनाशी धरलं. पुढचे चार दिवस घाटावर जो भेटेल त्याला तो हे सांगत होता.

माघ संपता संपता सोपान स्वतः चालत आला आणि उंबऱ्याशीच बसला. मंजुळेला मुदतीचा ताप होता, उतरत नव्हता.

ज्योतीराम आणि सोजराबाई निघोज्याला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. सोप्यात वाकळेवर ती पडली होती. इतकी बारीक झाली होती की वाकळेखाली कुणी आहे हे कळत नव्हतं. बापाला बघून तिचे डोळे हलले.

"आबा, आला? पाणी आणलं?"

पाणी कोपऱ्यातच होतं. माठ भरलेला होता, त्यावर झाकण होतं, झाकणावर तांब्या होता. पण वैद्यानं बजावलं होतं की या तापात पाणी पोटात जाता कामा नये, फार तर फडक्यानं ओठ ओले करायचे. त्या काळी सगळ्या घरांतून हेच चालायचं, आणि माया नव्हती म्हणून नव्हे, मायेपोटीच चालायचं. रुक्मिणीबाई फडकं बुडवून ओठांना लावी, आणि पोर ते फडकं दातांत धरून चोखायची. ते सोडवून घेताना म्हातारी तोंड फिरवायची.

ज्योतीराम एकदा उठला. माठापर्यंत गेला, झाकणाला हात लावला. सोपाननं त्याचा हात धरला.

"मामा, नका. हाताची जाईल ती."

तो परत येऊन बसला. सगळ्या गावाला पाणी पाजणारा माणूस मुलीच्या उशाशी बसून राहिला आणि ती "आबा, पाणी, आबा, पाणी" म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिनं मागायचं थांबवलं. मग मात्र तोंडात तुळशीचं पान ठेवून पाणी घातलं. ते ओठांच्या कडेनं खाली आलं. गिळायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

घरी परतल्यावर ज्योतीराम रडला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यानं कावड उचलली. शेजारपाजारच्या बाया येऊन सोजराबाईला धीर द्यायच्या आणि जाताना नकळत सुरी फिरवून जायच्या. म्हणायच्या, लग्न झालेली पोर म्हणजे दुसऱ्या घरची, तुम्हाला काही वर्षभर पाळायचं नाही, सणवार करा, गौर बसवा. सोजराबाई ऐकून घ्यायची. एके दिवशी भाकरी थापता थापता नवऱ्याला म्हणाली, "पोर दुसऱ्या घरची म्हणं. आमाला सुतक बी पुरतं मिळालं न्हाई बघा. आता कसली गौर अन् कसलं काय. या घरात पुन्यांदा गौर न्हाई यायची."

ज्योतीराम तेव्हा दारात उभा राहून कोपऱ्याकडे बघत होता. वेल कधीच वाळून, मोडून, वाऱ्यावर उडून गेला होता. नुसती माती होती.

"तिची कळलावी हाय की," तो म्हणाला. "गौरीच्या आदी वर येईल. तिची फुलं हीच आपली गौर. आली तर बसवशील?"

सोजराबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "आली तर बसवीन."

त्या संध्याकाळी ज्योतीरामनं कोपऱ्यात पहिला तांब्या ओतला. मंजीनं नको म्हटलं होतं ते त्याच्या ध्यानात होतं. पण ते तिनं बापाच्या खांद्याच्या मायेनं म्हटलं होतं, आणि आता खांद्याची काळजी करणारं कुणी राहिलं नव्हतं. ओतताना तो पुटपुटला, "पी."

ते साल बावन्नचं. आदल्या पावसानं हात आखडता घेतलेला, आणि उन्हाळा असा पेटला की पवनेचे डोह सोडून सगळं पात्र उघडं पडलं. ज्योतीरामला वाळूत झिरा उकरून, पाझरणारं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरावं लागे. दोन खेपांची एक खेप झाली. गिऱ्हाइकिणी दारात उभ्या राहून तोंडसुख घेत. त्यानं स्वतःची आंघोळ सोडली, नदीवरच पंचा ओला करून अंग पुसायचा. पण कोपऱ्यातला तांब्या चुकला नाही. घरातलं पाणी आटलं तर तो आपल्या वाटणीचं प्यायचं पाणी तिथं नेऊन ओतायचा. अंगणातली तुळस भर दुपारी मान टाकायची आणि पाणी मिळालं की तासाभरात पानं ताठ करायची. ते बघून त्याला हुरूप यायचा. झाड म्हटलं की पाण्यानंच उठणार, यात शंका घ्यायला त्याच्याकडे जागाच नव्हती. सगळं आवार भाजून फुटाणा झालेलं आणि तेवढीच एक हातभर माती काळीभोर, ओलीगच्च. हात लावला तर आत कोमट लागायची.

पाऊस उशिरा आला आणि भुरभुरून गेला. आखाडात गल्लीतल्या नव्या नवऱ्या माहेरी आल्या. हिरव्या बांगड्या, खिदळणं, तळणीचा वास. ज्योतीराम त्या दिवसांत मान खाली घालून कावड न्यायचा. कोपऱ्यातून काही उगवलं नव्हतं. त्यानं पाणी वाढवलं, दोन तांबे, तीन तांबे. एक दिवस सोजराबाई तिथं जाऊन वाकून बघत होती. मग तिनं पदर नाकाशी नेला आणि गुपचूप आत गेली. रडते आहे, असं त्याला वाटलं. नागपंचमी गेली. गणपती आले. शेजारची पोरं रोज विचारत, काका, वेल आला का? तो म्हणे, येतोय येतोय.

गौरी बसायचा दिवस उजाडला तरी माती तशीच होती. तेव्हा ज्योतीरामनं चार घरच्या शिव्या पत्करून कावड भिंतीला लावली आणि निघोज्याची वाट धरली. रुक्मिणीबाईला विचारायचं होतं. काय कमी पडलं, कुठलं खत लागतं, काहीतरी उपाय ती सांगेल. संध्याकाळपर्यंत कोंब जरी दिसला तरी आपण सोजराला दाखवू, असा वेडा हिशेब त्याच्या डोक्यात होता. आशेला अक्कल नसते, नाहीतर माणसं घरातच बसली असती.

मोकळ्या खांद्यानं चालायची त्याला सवय नव्हती. कावड असली की नजर पायांखाली, पाणी हिंदकळू नये म्हणून. आज तळवड्याचा माळ चढताना तो प्रथमच इकडंतिकडं बघत चालला. भादव्यात हा माळ कमरेएवढा हिरवा असतो. या वर्षी दगड मोजून घ्यावेत असा उघडा होता. तेरडा होता, पण वीतभर. तेवढ्याशा काडीवर दोन गुलाबी फुलं आणि त्याखाली लगेच बी धरलेली बोंडं. त्यानं सहज बोट लावलं तर बोंड फुटून बी उडालं. कुर्डूनं पानं आत मिटून घेतली होती. आणि या सगळ्यात तरवड मात्र पिवळ्या फुलांनी लगडलेला, जसा काही दुष्काळाचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

निघोज्याच्या अलीकडेच माळावर रुक्मिणीबाई भेटली. शेळ्या तरवडाला तोंड लावत नव्हत्या आणि ती बाभळीच्या शेंगा झोडपून त्यांना घालत होती. माघानंतर ही दोघं आजच भेटत होती.

"बसा इवाई," ती म्हणाली.

तो बसला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "तेरडा लईच खुजा ऱ्हायलाय यंदा."

"वाढत बसायला येळ कुठला त्याला? पाणी न्हाई हे त्याला आदी कळतंय. मग उंचीच्या नादाला लागत न्हाई, घाईघाईनं फुलतो, बी टाकतो आन् मोकळा होतो. सवता जगायचं न्हाई, पर बी जगवायचं." तिनं काठीनं तरवड दाखवला. "ह्याचं येगळं. ह्यानं मुळं पार मुरमाच्या खाली घातल्यात. पानं जाड, पाणी बाहेर जाऊ देत न्हाई. ती रुई, तिनं अंगावर पांढरी लव घेतलीया उन्हासाठी. पळस तर पानंच टाकून देतो. ज्याची त्याची तऱ्हा." मग ती म्हणाली, "मंजुळा हे रोज इचारायची मला. हे असं का, ते तसं का. समदं पाठ केलं हुतं तिनं."

ज्योतीरामला हे माहीत नव्हतं. आपल्या मंजीला इतकं कळत होतं आणि ते आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला लागतं आहे, याचं त्याला आत कुठंतरी लागलं.

म्हातारी त्याला घराकडे घेऊन चालली. घराच्या कुंपणाला शेराच्या झुडपांची कुपाटी होती, तिथं वळण घेतलं आणि ज्योतीराम जागच्या जागी थांबला. कुपाटीवर कळलावी फुलली होती. वेल नेहमीपेक्षा आखूड, फुलंही मोजकीच, पण तांबडीलाल, पाकळ्या वर वळलेल्या.

"हितनंच नेला हुता तिनं कंद," रुक्मिणीबाई म्हणाली. "दोन फाट्यांचा हुता. एक फाटा मोडून तिनं तुमच्याकडं आणला, दुसरा हितंच ऱ्हायला. त्योच हा. तुमच्याकडचा आला असंल की वर?"

"न्हाई. म्हणून तर आलो. माझं काय कमी पडलं ते सांगा इहीणबाई. शिमग्यापासनं एक दिस खाडा केला न्हाई. नदी आटली तरी तोंडचं पाणी काढून घातलं मी तिला."

रुक्मिणीबाईच्या हातातली काठी खाली टेकली.

"उन्हाळाभर? पाणी?"

"व्हय. रोज."

ती हळूच दगडावर बसली.

"इवाई, कळलावी वरनं वाळली म्हंजी मरत न्हाई वो. पावसाळा सरला की वेलातलं समदं सत्त्व ती खाली कंदात वढून घेती. वरचं टाकून देती आन् झोपती. कोरड्या मातीत, गप. हितं उन्हाळ्यात कुणी थेंब घातला न्हाई तिला. तेवढा कोरडेपणाच तिला जगवतो. झोपलेल्या कंदाला पाणी लागलं की त्यो कुजतो." मग तिनं मान वर करून विचारलं, "मंजुळानं तुमास्नी सांगितलं न्हाई?"

ज्योतीराम कुपाटीकडे बघत होता. दिवाळीचा तो दिवस, तिनं काढून घेतलेला तांब्या, घट्ट्यावर ठेवलेला तळवा.

"सांगितलं हुतं," तो म्हणाला. "तिनं सांगितलं हुतं. मला वाटलं, माझ्यासाठी सांगती."

आणि मग इतक्या महिन्यांत जे झालं नव्हतं ते झालं. तो कुपाटीशी मटकन खाली बसला आणि हंबरडा फोडून रडला. "जिला पायजे हुतं तिला दिलं न्हाई आन् हिला नको हुतं तर वतत बसलो. दोनदा मारली मी पोर. दोनदा."

"तुमी कशाला?" रुक्मिणीबाई म्हणाली. तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. "फडकं माझ्या हातात हुतं. माझ्या हातातनं सुटत न्हाई अजून ते फडकं." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तशी रीत नव्हती. दोघं थोड्या अंतरावर बसून रडत राहिली आणि शेळ्या कुणाच्या तरी बांधात शिरल्या.

निघताना ती म्हणाली, "पुढल्या शिमग्याला या, कोरडा कंद काढून देते."

"नको," ज्योतीराम म्हणाला. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई मला. ऱ्हाऊ द्या हितंच. हितं जगती ती."

म्हातारीनं मग विळ्यानं फुलांचा एक फाटा कापला आणि त्याच्या हातात दिला. "गौर हाय आज. तिच्या आईला न्या."

तो फाटा दोन्ही हातांत धरून तो परत फिरला. ऊन चढलं होतं. वाटेतल्या इंद्रायणीशी पोचेपर्यंत फुलं माना टाकायला लागली. पात्रात घोट्याएवढं पाणी वाहत होतं. दुसरी कुठली वेळ असती तर ज्योतीरामनं ती फुलं आधी पाण्यात धरली असती. आज तो पाण्यात उभा राहिला, खाली वाकला, आणि त्याला धीर झाला नाही. फाटा छातीशी वर धरून, थेंबसुद्धा लागू न देता, तो नदी उतरून आला.

घरी आल्यावर त्यानं फुलं कट्ट्यावर ठेवली आणि सरळ कोपऱ्यात जाऊन हातानं माती उकरली. फार खोल जावं लागलं नाही. कंदाची साल तेवढी उरली होती. दाबल्याबरोबर आतून पांढरा चिकट गाळ आला आणि कुजका वास सुटला. तो हात तसाच धरून बसून राहिला. सोजराबाई मागं येऊन उभी होती.

"कुजला," तो म्हणाला.

"ठाव हाय मला. आखाडातच वास आला हुता."

त्यानं वळून बघितलं. "मग बोलली का न्हाईस? मी येड्यासारखा आजवर पाणी घालतोय."

सोजराबाई खाली बसली. "तुमी रोज तिला घालायच्या पाण्यासाठी अंथरुणातनं उठत हुता," ती म्हणाली. "ते बी बंद झालं असतं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघायचं हुतं?" तिनं पदरानं त्याचा हात पुसला, प्रत्येक बोट वेगळं पुसलं.

दिवस मावळायला आला होता. शेजारच्या घरी गौर आली, पोरींचा गलका ऐकू येत होता. कट्ट्यावरची फुलं आता पार मलूल झाली होती. सोजराबाई उठली. तिनं फाटा उचलून उंबऱ्याच्या बाहेर पाटावर ठेवला, आतून हळदकुंकू आणलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दारात आलेल्या गौरीचे पाय धुवायचे असतात.

"पाणी आणा," ती म्हणाली.

ज्योतीरामनं रांजणातून तांब्या भरला. दारात येऊन तो फुलांपुढं उकिडवा बसला. तांब्या हातात होता, पण तो वाकडा होईना. आयुष्यभर सगळ्या गावाचे रांजण भरणारा तो माणूस बायकोकडे बघून विचारत होता, "मंजीची आई, घालू का गं? हिला चालंल का?"

सोजराबाईनं त्याच्या हाताखाली हात धरला, आणि दोघांनी मिळून तांब्या कलता केला.